धाकटीला धरून ठेवणारी

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘वाफ’ म्हणत, कारण तिला तापायला वेळ लागत नसे. दिवस भरायच्या आधीच तिला जुळ्या मुली झाल्या. थोरली अंगाने बऱ्यापैकी होती, धाकटी दीड किलोचीही नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. “इतक्या कमी वजनाची बाळं जास्त दगावतात. अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढायला ताकद नसते, साधा संसर्गही झेपत नाही. पण सगळीच जातात असं नाही.”

“मग काय करायचं तेवढं सांगा,” वाफ म्हणाली.

बाळ उघड्या छातीशी धरायचं, अंगावरचं दूध काढून चमच्याने पाजायचं, हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, “हिच्यात फार जीव गुंतवू नकोस. थोरलीकडे बघ.”

“दोघी माझ्याच पोटच्या आहेत,” असं म्हणून तिने थोरलीचं एक झबलं कापून धाकटीच्या मापाचं केलं.

नवरा बस चालवायचा. घरी आला की हातपाय धुऊन, सदरा काढून तो धाकटीला छातीशी घेऊन बसायचा. शेजारीपाजारी दारातून हसायचे. “हसा खुशाल,” वाफ म्हणायची, “पण दार लोटून घ्या, पोरीला वारा लागतो.”

आणि मग थोरलीला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात शर्थ केली तरी ती गेली. जिच्याबद्दल कुणालाच धास्ती नव्हती, तीच.

भेटायला आलेली नणंद हळहळली, “जायचीच होती, तर निदान ही...”

वाफेने तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. “उठा, वन्सं. या घरात कुणी कुणाच्या बदल्यात गेलेलं नाही.”

नणंद सासूबाईंकडे बघू लागली. सासूबाई मोरीत गेल्या, कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि सुनेपुढे उभ्या राहिल्या. “आण तिला माझ्याकडे. तू जरा पाठ टेक.”

धाकटी बाळसं धरू लागली तशी वाफ तिला झोळीत बांधून कामावर गेली. मालक म्हणाला, “पोर घेऊन इस्त्री कशी करणार?”

“नाहीच करणार. घड्या घालायच्या टेबलावर बसवा मला. नाही बसवलंत तर दुकानाच्या पायरीवर बसेन, आणि गिऱ्हाइकांनी विचारलं की कारण सांगेन.”

मालकाने टेबल दाखवलं.

आता धाकटी घरभर धावते. मुलं किती, असं कुणी विचारलं की वाफ सांगते, “दोन मुली. एक आहे, एक गेली.” समोरचा ओशाळतो, विषय बदलू पाहतो. ती मात्र थोरलीबद्दल बोलत राहते.