भिंतीतून येणारा ठेका

आमचं ख्रिस्ती मंडळीचं देऊळ लासुर्ण्याच्या बाहेर, उसाला लागून आहे. पत्र्याचं आणि लांबट. त्याची मागची भिंत आणि आमच्या मंडळीच्या पंचांच्या घराची भिंत एकच. रविवारी उपासना चालू असताना त्या भिंतीतून ठोके यायचे. ऊन दारातून आत आलेलं असायचं आणि भिंत वाजायची. पंच म्हणायचे, इथं पूर्वी माणसं पुरत, कुणाचा तरी आत्मा अडकलाय. मग रीतच पडली. ठोके आले की ढोलकवाल्यानं हात जोरात चालवायचा आणि सगळ्यांनी मोठ्यानं टाळ्या द्यायच्या. त्याला सैतानावरची टाळी म्हणत.

आमचे पाळक गोड बोलायचे. देव जवळ आहे, चिंता करू नका, सुखानं घरी जा. माणसं लग्नात जेवून निघावीत तशी निघायची. ठोके काही थांबले नाहीत.

ते ठोके तालात पडायचे. गीत हळू घेतलं की तेही हळू. मी शेजारणीला म्हटलं, "भुताला आपली चाल कशी ठावं?"

ती म्हणाली, "तुमी मेल्यावर तितंच जाऊन बसा आत्याबाई, म्हंजी कळंल." बाया पदराआड हसल्या.

मग पाळक आजारी पडले आणि बारामतीहून एक म्हातारे पाळक एसटीनं आले. आवाज घोगरा, बोलणं रटाळ. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाची गोष्ट त्यांनी घेतली. देवाधर्माची माणसं त्याला बघून पलीकडच्या कडेनं निघून गेली, इथवर ते आले आणि भिंत वाजली. ढोलक सुरू झालं, गीत सुरू झालं. म्हाताऱ्यांनी हात वर केला.

"थांबा. कोन हाय तितं?"

पंच म्हणाले, "कोन न्हाय साहेब. बाधा हाय. आमी गाऊन काढतो तिला."

"गप बसा समदी."

कडवं अर्ध्यात तुटलं. बाहेर उसाची पाती घासत होती तेवढाच आवाज. आणि भिंतीनं उरलेलं कडवं शेवटपर्यंत वाजवलं. आमचा ढोलकवाला शेवटी दोन थापा जादा देतो, त्यासुद्धा दिल्या. ढोलकवाल्यानं ढोलक मांडीवरून खाली ठेवलं.

"भूत तुमच्यात बसून गाणी शिकलं व्हय, पंच?" म्हातारे म्हणाले.

पाळकांनी पुस्तक मिटलं. "उपदेश एवढाच. आता उठा."

कुणी उठेना. ते एकटेच पंचांच्या घराकडे निघाले, म्हणून मी मागं गेले. पंचांची बायको पळत आली, कमरेची किल्ली तिनं माझ्या हातात कोंबली आणि तोंड फिरवलं.

आतल्या खोलीचं कुलूप मी काढलं. खोलीला खिडकी नव्हती. तिथं पंचांची बहीण होती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती रस्त्यात उभी राहून कुणाचंही काहीही बोलायची. पंचांच्या मुलीची सोयरीक जमत होती, म्हणून बहीण सोलापूरला पाहुण्यांकडे गेली असं गावाला सांगितलेलं. ती दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात लाटणं. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "आज कडवं आर्धंच का सोडलं?"

मी तिला माझ्या घरी आणलं. मंडळीत कुरकुर झाली. आठवडाभर राबून माणूस मन हलकं करायला देवळात येतो, या म्हाताऱ्यानं नासाडी केली, त्यांना परत पाठवू नका, असा बारामतीला फोनही गेला. मला हे पटत नाही. मन हलकं करायला चहा पुरतो. उपदेश ऐकून आपण कुठल्या दारापुढं जाऊन उभे राहिलो, ते बघावं. नाहीतर घरीच बसावं.

दुसऱ्या दिवशी पंच दोघांना घेऊन आले. "आत्या, घरची गोष्ट हाय. तिला माघारी द्या."

"ती काय परात हाय व्हय, माघारी द्यायला? हितं बसलीया, तिलाच इचारा."

ती उंबऱ्यात बसली होती. भावाकडे तिनं बराच वेळ बघितलं, हसलीसुद्धा. मला वाटलं, जाती आता. ती उठली, आत आली, दार लोटलं आणि आतून कडी लावली. मग कडी काढली, हात लावून बघितली, परत लावली. काढायची आणि लावायची. बाहेर भाऊ नाव घेऊन हाका मारत होता. तिनं कडी पुन्हा लावली.