पत्र्यावरचे एकवीस धोंडे

आमच्या घरावर एकवीस धोंडे होते. पत्रे हलके, उतार जेमतेम वीतभर, आणि धोंडे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः निवडून चढवलेले. मी सहा वर्षांची असताना वावटळीत एक पत्रा उचकटून माझ्या डोक्यावरून गेला होता. तेव्हापासून अण्णांचा भरवसा फक्त वजनावर.

पाथरीला मास्तरीण झाल्यावर मी हट्टानं नवे पत्रे टाकले. ताडकळसचा मिस्त्री कामाला पक्का होता. पत्र्याच्या उंच वळीवरच स्क्रू, प्रत्येकाखाली रबरी वायसर, जोडात डांबरी पट्टी. खोलगट जागी भोक पाडलं की पाणी तिथंच मुक्काम करतं, हे त्यानं अण्णांना तीनदा समजावलं. अण्णांनी तीनदा मान डोलावली.

धोंडे अंगणात रांगेनं मांडले. मी दर रविवारी गावी आले की रांग आखूड झालेली. अण्णांना विचारलं, तर म्हणे कुणीतरी नेले असतील. आमच्या गावात धोंडे चोरणारा कोण निघाला, देव जाणे.

मग अवकाळी पाऊस आला आणि घर गळलं, तेही नेमकं अण्णांच्या बाजेवर. अंगणातून परत वर चढलेल्या धोंड्यांनी पत्रा दबला होता. खळग्यात पाणी साचून जोडातून आत आलं होतं. अण्णांनी बाज सरकवली, धोंडा नाही. माझं डोकंच फिरलं. मिस्त्रीला बोलावून पत्रा नीट करून घेतला, धोंडे उतरवले आणि शिडी लिंबाच्या झाडाला साखळीनं बांधून कुलूप घातलं.

मे महिन्यात दुपारी वारं सुटलं. अण्णांनी कुलूप हलवून पाहिलं, गोठ्यातलं दावं आणलं, छपराच्या लोखंडी पाइपला बांधलं आणि खालचं टोक दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसले. भिंतीला पाय लावून. आई डाळ निवडत होती.

"छप्पर उडालं तर तुमीबी संगं जाल," ती म्हणाली.

मला हसू आवरेना. अण्णा वर पाहतच बोलले, "तवा मी रानात होतो. पोरगी एकलीच हिथं होती."

माझं हसू तिथंच थांबलं. मला त्या दिवसातला फक्त पत्रा आठवत होता. घरात कोण नव्हतं, हे आठवत नव्हतं.

वर सगळे स्क्रू आपलं काम चोख करत होते. मी अण्णांशेजारी बसले, दाव्याचं उरलेलं टोक हाताला गुंडाळलं, आणि वारं पडेपर्यंत आम्ही दोघांनी ते न उडणारं छप्पर धरून ठेवलं.