लिंबू-मिरची ताजी, ब्रेक ऑइल जुनं

मित्रांनो, हे लगेच लिहितोय.

आज सकाळी धाकट्या भावाच्या, प्रशांतच्या, सेकंडहँड स्पोर्ट्स कारमधून निघालो होतो. निशातगंजच्या पुलाच्या उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. समोर शाळकरी मुलांनी भरलेली ई-रिक्षा! प्रशांतने हँडब्रेक ओढला. गाडी वीतभर अंतरावर थांबली.

"ब्रेक ऑइल कधी बदललंस?"

"दादा, सर्व्हिसिंग बहुत महंगी है यार. चालत होतं ना अजून!"

बंपरखाली ताजी लिंबू-मिरची लटकत होती. ती मात्र तो दर शनिवारी न चुकता बदलतो!

काटकसर करा, पॉलिश सोडा, वेग आवरा. पण ब्रेकवरची बचत आपण दुसऱ्यांच्या मुलांच्या जिवावर करतो.

रिक्षातली एक चिमुरडी चकचकीत गाडी बघून आम्हाला हात हलवत होती. तिला कोणत्या तोंडाने परत हात हलवायचा, सांगाल?