दवंडी न गेलेली गल्ली

येडबाकाकांची नगरपरिषदेतली नोकरी म्हणजे त्यांचा आवाज. आधी पायी फिरून दवंडी द्यायचे, आता शिवशंकरच्या रिक्षावर भोंगा आहे. पण रेकॉर्ड केलेलं चालत नाही त्यांना. माईक हातात घेऊन सुरुवात ठरलेली: "मायबापहो, दोन मिनिटं कामं सोडा!" आणि माणसं खरंच सोडतात. नळाची वेळ, घरपट्टीची तारीख, कुत्र्यांचं इंजेक्शन, आमच्या गावाला सगळं त्यांच्याच तोंडून कळलेलं.

मागच्या वर्षी सर्वसाधारण सभेत चौदावा विषय आला. काका दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. रस्त्याच्या मधली झाडं शेळ्यांनी तिसऱ्यांदा खाल्ली होती, म्हणून गावाच्या हद्दीत शेळ्या-मेंढ्या पाळायलाच मनाई. कोणी सूचक झालं, कोणी अनुमोदक. हात वर झाले. उपविधीचा मसुदा मंजूर.

काकांची थोरली बहीण धुरपताबाई गावाच्या टोकाला, धनगर गल्लीत एकटी राहते. नवरा गेला, लेक वालूरला दिली. घरात नऊ शेळ्या, त्यातली एक गाभण.

दुसऱ्या दिवशी भागवत क्लार्कनं कागद दिला. "समद्या गावात फिरवा, काका."

वर मनाई होती. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: ज्यांना मान्य नसेल त्यांनी तीस दिवसांत लेखी हरकत द्यावी. असली ओळ पुष्कळ कागदांच्या तळाला असते. काका तीही वाचायचे, पण तिच्यामुळे काही बदललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

धनगर गल्लीच्या वळणावर त्यांनी भोंगा बंद केला.

"काका, तुमच्या अक्काची गल्ली ऱ्हायली की!" शिवशंकर म्हणाला.

"चल म्होरं."

"कामून? घरच्यायला फुकट ऐकवायचं न्हाई का?"

"तिथं मी तोंडानं सांगतो. चल."

संध्याकाळी बहिणीकडे गेले. ती गाभण शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आज काय वरडायलास रे बाजारात? हितं नीट ऐकू न्हाई आलं."

काकांनी शेळीकडे पाहिलं. "नळाचं, अक्का. दोन दिवस पानी न्हाई."

"अगं बया! मंग आधी सांगायचं न्हाई का?"

तिनं घागर भरली, हंडा भरला, परात भरली, शेवटी जेवणाचा डबासुद्धा भरून ठेवला. काकाही तिला भरू लागले.

तीस दिवस गेले. पुन्हा सभा, पुन्हा चहा.

"हरकती किती?" नगराध्यक्ष राजेश्रीताईंनी विचारलं.

"निरंक," भागवत म्हणाला.

"एकही नाही?" ताईंनी चष्मा काढला. "मला वाटलं होतं, धनगर गल्लीतून कोणीतरी येईल. ती वस्ती रस्त्याच्या आधीची आहे. तिला वगळायचं कलम मी लिहून ठेवलं होतं. पण मागितलंच नाही कोणी, तर सभेला सांगू काय?" त्या दाराकडे वळल्या. "काका, दवंडी सगळीकडं गेली होती ना?"

सगळ्या सभागृहानं वळून पाहिलं.

"गेली व्हती, ताई."

हात वर झाले.

सभा संपल्यावर त्यांनी भागवतला जिन्यात गाठलं. "आता कुनी अर्ज दिला तर?"

"मुदत संपली, काका. आन् आता कोन देनार? आयकलं तर समद्यांनी, तुमच्याच तोंडून."

वरून मंजुरी यायला पाच महिने लागले. तोवर ती शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. अंमल सुरू होण्याची दवंडी काकांच्याच हातात आली. या वेळी वळणावर भोंगा बंद झाला नाही. "मायबापहो," एवढं म्हणून काका थांबले, मग पुढचं सगळं एका दमात वाचून टाकलं.

धुरपताबाई दारात उभी राहून ऐकत होती. रागावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेळ्यांना दावी बांधत होती. लेकीकडे, वालूरला, चालत न्यायच्या होत्या. काका आले, ओट्यावर बसले.

"येडबा, कायदा करायच्या आधी इचारत्यात का रे कुनाला?"

"इचारत्यात."

"मंग आमाला कुनी इचारलं न्हाई ते?"

"मला पाठिवलं व्हतं, अक्का. तुला इचारायला." काकांनी मान वर केली नाही. "त्या दिशी. मी नळाचं सांगितलं."

तिच्या हातातलं दावं तसंच राहिलं.

"दुसऱ्या दिशी नळाला पानी आलं रं," ती हळू म्हणाली. "शेजारीन हसायली व्हती मला. मी तिलाच भांडले. म्हनलं, माझा भाऊ सांगतोय म्हंजे नळच चुकला आसंल."

काकांनी तोंड झाकून घेतलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पानी पाज त्यायला. लांब जायचंय."

काका उठले. घागर उचलून परातीत ओतली आणि एकेका शेळीपुढे धरत गेले. पिल्लांना परातीची कड उंच पडत होती, म्हणून त्यांच्यासाठी खाली बसले.