मी सॉफ्टवेअरचा भाव पाडतो

एकाच दिवशी मी दोन सॉफ्टवेअरवाल्यांना "तुमचं नको" म्हणालो, आणि दोघांनीही ते ऐकलं.

यात माझी काहीही चूक नव्हती. "नको" म्हटल्यावर खरंच निघून जायचं, ही कुठली रीत? मी तीस वर्षं प्रत्येकाला आधी "नको"च म्हणत आलोय. मानपाड्याला मिठाईच्या बॉक्सचा कारखाना उभा केला तो काय "हो, हो" करून? सुरुवात डोंबिवलीच्या दोन खोल्यांत झाली. गादीखाली पुठ्ठ्याचा माल आणि गादीवर आई! (पुठ्ठा पाठीला चांगला असतो, असं तिला सांगितलं होतं.)

खरेदीची आमच्या घरात एक ठरलेली पद्धत आहे. भाव ऐकला की मी वीज पडल्यासारखा चेहरा करतो आणि उठतो. माझी बायको सुलभा म्हणते, "चला, आपल्याला नाही परवडायचं." मग दोघांनी दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या. सावकाश. तिसऱ्या पायरीवर मागून हाक येते, "अहो काका, असं काय करताय? या की!" शालू, फ्रीज, आमच्या मुलीच्या, मुग्धाच्या क्लासची फी (क्लासला दोनच पायऱ्या होत्या, तरी!), सगळं आम्ही असंच मिळवलंय.

कारखान्याचं सॉफ्टवेअरसुद्धा बारा वर्षांपूर्वी असंच घेतलं, कल्याणच्या पाटणकरांकडून. कुठल्या हलवायाला कुठल्या मापाचे किती बॉक्स, कोणत्या भावाने, कधी पाठवायचे, गोदामात पुठ्ठा किती उरला, सगळं त्याच्या पोटात. कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढी एक चावी खोचलेली असते. ती काढली की सगळं बंद. "राणेसाहेब, आयुष्यभराचं काम झालं," असं पाटणकर तेव्हा म्हणाले होते. आणि या वर्षी श्रावणात त्यांचा फोन! जुनं आता फार दिवस चालायचं नाही, सुधारलेलं घ्यावं लागेल.

"अहो, आयुष्यभराचं म्हणाला होतात ना?"

"सॉफ्टवेअरच्या आयुष्याबद्दल बोलत होतो मी," पाटणकर शांतपणे म्हणाले.

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

झालं, घरात दोन पक्ष पडले. मुग्धा ठाण्याला आयटीत नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, फेकून द्या ते. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं! इथल्या एका कंपनीचं नवीन मस्त आहे. सगळं मोबाईलवर. टेम्पो कुठे पोचला तेही दिसतं."

"टेम्पो कुठे पोचला ते मला ड्रायव्हरच्या थापांवरून कळतं," सुलभा म्हणाली. माल पाठवायचं सगळं काम तीच बघते. "माझी बोटं त्या पिवळ्या अक्षरांना सरावलीत. आणि बारा वर्षांची माहिती नव्यात जाणार कशी?"

"जाईल गं आई, एक्सेलमधून."

"जाईल. पण पोचेल का?"

जुनं सुधारावं की नवीन आणावं? मी तटस्थ होतो. जो भाव जास्त पाडेल, तो आपला. पाटणकरांना ठाण्याची भीती घालायची, ठाण्याला पाटणकरांची! गणपतीला पाच दिवस होते. म्हटलं, एका दिवसात दोघांना वाकवतो.

सकाळी पाटणकर आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि किंमत सांगितली. मी वीज पडल्यासारखा चेहरा केला.

"एवढ्यात तर ठाण्याची कंपनी कॉम्प्युटरची पूजा करून देते! आम्ही ठाण्याचंच घेतोय. तुमचं बंद करा!"

"नक्की?" पाटणकरांनी विचारलं.

"एकदम नक्की!" मी उठलो. सुलभा सवयीने म्हणाली, "चला, आपल्याला नाही परवडायचं." आणि आम्ही दोघं तरातरा बाहेर पडलो.

बाहेर आल्यावर लक्षात आलं की ऑफिस आपलंच आहे.

आता परत कसं जायचं? पायऱ्या उतरलो. तिसरी पायरी आली, संपली. हाक नाही. मग खळीच्या पिंपाशी उभे राहिलो.

"अहो, आता?"

"थांब गं. कल्याणचा माणूस आहे, विचार करून हाक मारेल."

दहा मिनिटांनी पाटणकर स्वतःच बाहेर आले. "बराय राणेसाहेब. निर्णय अगदी योग्य घेतलात. आतलं सगळं बंद केलंय मी." (मला वाटलं पंखा.) छत्री हातावर अडकवली आणि गेले!

"जातोय कुठे," मी सुलभाला म्हटलं, "दुपारपर्यंत फोन येतो बघ."

दुपारी ठाण्याच्या कंपनीचा व्हिडिओ कॉल होता. ऋतुजा नावाची हसरी मुलगी बोलत होती. "सर, आमचे चार्जेस दर युजरमागे आहेत."

"युजर म्हणजे?"

"वापरणारी माणसं, सर."

"आमच्याकडे वापरणारी एकच आहे, आणि ती पगार घेत नाही."

सुलभाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती ठाण्यातही दिसली असावी, कारण ऋतुजा गडबडीने पुढे गेली. "आणि सर, जुना डेटा आणायचे वेगळे चार्जेस पडतील."

"डेटा माझा आणि चार्ज मलाच? अहो, माझ्याच घरातलं कपाट या खोलीतून त्या खोलीत न्यायचं, त्याचं भाडं? राहू द्या! आमचं जुनंच बरं! दगडासारखं चालतंय!"

"चला, आपल्याला नाही परवडायचं," सुलभा म्हणाली. कॉलला पायऱ्या नसतात, म्हणून मी लाल बटण दाबलं. मग आम्ही दोघं काळ्या स्क्रीनसमोर हात बांधून बसलो. दुकानात निदान मागून आवाज ऐकू येतो. इथे हाक मारणाऱ्याचं तोंड मीच बंद केलं होतं!

अर्ध्या तासाने मुग्धाचा फोन आला. "बाबा, काय केलंत? त्यांनी तुमची चौकशीच क्लोज केली. मेल आलाय, 'आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.'"

"आदर? आदर कोणी मागितला होता!"

तेवढ्यात आतून सुलभाची किंकाळी. "अहो, चावी कुठाय?"

कॉम्प्युटरमागे भोक होतं, चावी नव्हती. मी पाटणकरांना फोन लावला. ते म्हणाले, "वापर बंद झाला की चावी परत न्यायची, असा नियम आहे. तुम्हीच म्हणालात बंद करा. नक्की ना, असं विचारलंही मी."

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "नेलीत ते बरं केलंत! अडगळच होती!" आणि फोन आपटला.

गोदामात छताला टेकलेले गठ्ठे. प्रत्येकावर खाकी कागद आणि कागदावर फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते सॉफ्टवेअरला माहीत! कागद फाडला की बॉक्सवर दुकानाचं नाव दिसायचं, पण कोणाला किती द्यायचे आणि कोणत्या भावाने, ते कुठे छापलेलं असतं? शेवटी गिऱ्हाइकांनाच फोन करायचं ठरलं. पहिला मान टिटवाळ्याच्या म्हात्रेशेठना. मोदकांच्या बॉक्सचं आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेलं तर सीझन गेला.

"म्हात्रेशेठ, किती बॉक्स सांगितले होते तुम्ही? सहज विचारतोय, खात्री म्हणून."

"काय रं राणे, तुला ठावं नाय?"

"ठाऊक आहे हो!"

"मंग सांग."

मी खोकलो.

"बरं, चार हजार," म्हात्रेशेठ म्हणाले. "गेल्या वर्साच्या भावानं. नि वरती पाचशे फुकट बोललेलास."

"मी? फुकट?"

"नाय तं तुझी चोपडी उघर नि दाखव मना. आनि शनवारी टेम्पो आला नाय तं मी दुसऱ्याकरशी घेतो, सांगून ठेवतो."

पुढच्या सात फोनांत मला कळलं की मी किती उदार माणूस आहे. कोणाला झाकणं फुकट, कोणाला छपाई फुकट. एकाला तर त्याच्या मुलीच्या लग्नाचे बॉक्स मी आहेर म्हणून देणार होतो. (त्याला मुलगी नाही, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.)

संध्याकाळी सुलभाने पदर खोचला. "उठा. कल्याणला जायचंय. आणि तिथे तोंड उघडायचं नाही."

पाटणकरांनी पाणी दिलं, आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चावी देतो. पण आता सुधारलेलंच घ्यावं लागेल. उद्या सकाळी येऊन जुन्या माहितीसकट बसवून देतो. किंमत मात्र सकाळी सांगितली तीच."

मी सुलभाकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"चालेल," मी म्हणालो.

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही म्हणाल ते."

पाटणकरांचा चेहरा उतरला. ते उठून आत गेले. स्वयंपाकघरातली त्यांची बायकोशी चाललेली कुजबुज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होती.

"अगं, राणे घासाघीस करत नाहीयेत."

"अगं बाई! बरं नाहीये का त्यांना?"

"मला वाटतं, कारखाना बुडालाय. पैसे द्यायचेच नसतील तर माणूस भाव कशाला पाडेल?"

बाहेर येऊन ते अवघडून म्हणाले, "राणेसाहेब, राग मानू नका. बारा वर्षांत कधी मागितले नाहीत, पण या वेळी सगळे पैसे आधी द्या."

दिले! दुसऱ्या दिवशी स्क्रीन पांढरा झाला. (अक्षरं सुलभाने पिवळी करून घेतली, मग ती वाचता येईनात, मग परत काळी.) म्हात्रेशेठचा खरा भाव सापडला आणि शनिवारी टेम्पो वेळेवर टिटवाळ्याला पोचला. भाव कळवला तेव्हा शेठ खो खो हसले. "बगत होतो रं, चोपडी हाय का गेली ती!"

पण पाटणकरांनी ती गोष्ट कुठेतरी सांगितली असावी. सोमवारी आमच्या पुठ्ठेवाल्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ, दवाखान्यात भेटायला आल्यासारखा. "राणेसाहेब, सगळं ठीक ना? नाही, या खेपेला जरा रोखीने करू या म्हटलं."

मी काय समजायचं ते समजलो. खुर्चीत नीट बसलो आणि तासभर त्याच्याशी भावावरून भांडलो. पुठ्ठ्याला नावं ठेवली, त्याच्या वजनकाट्याला नावं ठेवली, दोनदा फोन आपटला. तिसऱ्यांदा त्यानेच लावला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"हां, आता कसं बरं वाटलं!" तो म्हणाला. "उधारीवर किती टन पाठवू?"