पिंपातली निर्गुडी

दोन बोटांत पान चुरगळायचं आणि समोरच्याच्या नाकाखाली धरायचं. "वास घे. मग बोल." जुईनगरच्या आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींशी कुणाचंही बोलणं असंच सुरू व्हायचं. लिफ्ट बंद असो की पाणी गेलेलं असो, आधी निर्गुडीचं पान.

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी बाई असेल. जिन्यात दिसली की आपण पाय आखडून बाजूला होतो आणि तिचं नाव विचारायचं राहून जातं. माझंही राहिलं.

त्या साताऱ्याकडच्या, माणच्या. आई गेली, भावांनी घर विकलं, तेव्हा माहेरच्या बांधावरची निर्गुडीची काडी त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीने आणली. पंपरूममागे, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात लावली. "आता माझं म्हायार एवढंच," असं म्हणत त्या पिंपावर झाडूचा दांडा टकटक वाजवायच्या.

झाड मात्र हट्टी. मे महिन्यात भिंत तापायची, शेजारचे गुलाब माना टाकायचे, ही आपली ताठ. पाणी आठवड्याला एक मग. "जास्तीचे लाड न्हाईत," मावशी म्हणायच्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., बॉटनी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. एकदा मी मावशींना निर्गुडीचं शास्त्रीय नाव सांगितलं. त्या हसल्या. "त्या नावानं हाक मार, वळून बघती का बघू." पण माझ्या आईचे गुडघे धरले, तेव्हा पाला उकळून शेक द्यायला रोज तीन जिने चढून त्याच यायच्या. जाताना मला दम द्यायच्या, "कॉलेजवाले, आईला खाली-वर करायला लावू नको."

गेल्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. नावड्याला लेकीकडे जाताना मला म्हणाल्या, "आठवड्याला एक मग. दुसरं कायबी घालू नको."

पंधरा दिवसांनी पानं जराशी वळली. मावशी येतील तेव्हा झाड भरलेलं दिसावं, असं मला फार वाटत होतं. नत्र कमी पडलंय, असं मी ठरवलं आणि दोन मुठी युरिया टाकला. पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, कमीच पडला. आणखी एक मूठ टाकली. आठवड्यात काड्या आणि चार वाळकी पानं उरली.

त्यांचा फोन आला. "कशी हाय?"

"मस्त," मी म्हटलं.

"मग येक डहाळी घेऊन ये की. लई दिवस झाले."

होती ती डहाळी वर्तमानपत्रात गुंडाळून मी नावड्याला गेले. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. त्यांनी कागद सोडला. बराच वेळ बघत राहिल्या. मग एक पान दोन बोटांत चुरलं, त्याचा भुगा झाला, तो त्यांनी माझ्या नाकाखाली धरला.

"वास घे. मग बोल."

धुळीशिवाय कशाचाच वास नव्हता.

"मावशी, मी युरिया घातला."

तीच बोटं त्यांनी स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटले.

"येतोय की," त्या म्हणाल्या. "जरासा हाय."

आठ दिवसांत त्या गेल्या.

पिंप अजून तिथंच आहे. नवा झाडूवाला ते रिकामं करायला निघाला होता. मी नको म्हटलं. दर रविवारी खाली जाऊन मी त्या मातीत पाणी घालते. एक मग. दुसरं काही घालत नाही.