करीममास्तरांची पारख

करीममास्तरांनी मला कॉर्नेट शिकवला तो कॉर्नेट नसताना. आमच्या कळंबच्या शाळेत एक बिगुल आणि दोन ढोल, एवढाच काय तो बँड. बिगुल कॉर्नेटसारखाच पितळी बाजा, पण त्याला बटणं नसतात, त्यामुळे त्यावर गाणं वाजत नाही. मास्तर मला बिगुलात फुंकायला लावत आणि कॉर्नेटची तीन बटणं म्हणून स्वतःचं मनगट पुढं करत. त्यावर मी बोटं दाबायची. चुकलो की ओरडत, "दुसरं बटन, गधड्या! मनगट हाय म्हनून गप बसलंय. बाजा असता तर बोंबलला असता."

निजामाच्या पलटणीच्या बँडात त्यांनी वीस वर्षं कॉर्नेट वाजवला होता. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि मास्तर गावी येऊन पोरांना कवायत शिकवू लागले.

मी शाळा सोडली तेव्हा गावातल्या बँडवाल्यांनी सांगितलं, पाडव्यापर्यंत स्वतःचा बाजा आण, लगीनसराईत घेतो. नाहीतर बार्शीचा एक जण तयारच आहे. वडिलांनी पैसे दिले, पण बजावलं, पाडवा हुकला तर पैसे परत करायचे आणि मामाच्या कापडदुकानात बसायचं. मामाच्या दुकानापेक्षा मी खडी फोडली असती. म्हणून पारख करायला मास्तरांना घेऊन सोलापूर गाठलं. इथंच माझं चुकलं.

पहिल्याच खेपेला दुकानदारानं एक कॉर्नेट काढला. कडेला थोडा पोचा होता, बाकी झकास. मास्तरांनी बटणं दाबली, नळी ओढून टप् असा आवाज येतो का पाहिलं, आणि मग फुंकायला सुरुवात केली. डोळे मिटून एक आख्खं गाणं, मग दुसरं. रस्त्यावरची माणसं दुकानाच्या पायरीवर जमली. मी भाकरीचं गाठोडं धरून उभा. अर्ध्या तासानं त्यांनी बाजा खाली ठेवला आणि म्हणाले, "न्हाय. दम पळतोय."

"कुठं पळतोय? मला तर दिसला नाही."

"तुला दिसाया तो काय ससा हाय? घाई आसंल तर ताशा घे."

दुसऱ्या खेपेला चार बाजे वाजवले. एकाची नळी डाग देऊन सांधलेली, एकाचा आवाज पडशाचा. तिसऱ्या खेपेला दुकानातला एकूण एक बाजा तोंडाला लावून झाला आणि उत्तर तेच. दरवेळी मोटारीत धूळ खात घरी. पाडवा आठ दिवसांवर आला, वडील माझ्याकडे बघायचे बंद झाले आणि मास्तर खुशाल विचारतात, "मंग, आता कवा जायचं?" असा संताप आला की उठून चालता झालो.

चौथ्या खेपेला एकटाच गेलो. जो मिळेल तो घ्यायचा असं ठरवूनच. दुकानदार हसला आणि कपाटामागून एक कॉर्नेट काढून पुढं ठेवला. तोच, कडेला पोचा असलेला. म्हणाला, "तुमच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगितला होता. म्हणाले, पोराचा हाय, दुसऱ्याला देऊ नका."

कळंबला उतरलो तो तडक त्यांच्या घरी. बाजा समोर आदळायचाच बाकी ठेवला. "हा पसंत होता, तर मला तीनदा कशाला हिंडवलंत?"

मास्तर आपल्या मनगटाकडे बघत म्हणाले, "पलटन मोडली तवा बाजा सरकारात जमा केला. सरकारचाच व्हता, माझा कवाच नव्हता. नऊ वर्षं झाली, दिगंबर. तुझ्या निमित्तानं जरा तोंडाला लागत व्हता."

माझा राग कुठच्या कुठं गेला. मी बाजा पुढं केला. "घ्या, वाजवा."

"न्हाय. आता तुझा झाला. दुकानातला कुनाचाच नसतो, म्हनून चालतं."

मी हातापाया पडलो, शेवटी चिडून ओरडलोसुद्धा. त्यांनी हात मागं बांधून घेतले ते सोडले नाहीत. मी बँडात शिरलो. मास्तर मांडवाच्या कडेला उभं राहून ऐकत आणि माझी बोटं चुकली की तिथूनच डोळे वटारत. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तापानं गेले. माझ्या कॉर्नेटला त्यांनी एकदाही तोंड लावलं नाही.

त्यांच्यावर मी अजून चिडतो. नीट तोंडानं सांगितलं असतं, तर महिन्याला एकदा त्यांना सोलापूरला नेलं असतं, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. त्या वयात मी कुणासाठी धूळ खात सोलापूरला गेलो नसतो. हे मास्तरांनी ओळखलं होतं, याचाच मला जास्त राग येतो.